जोकरवर लिहिलेली अठ्ठी

निरोप समारंभासाठी माणसाच्या नोकरीतल्या चांगल्या गोष्टी गोळा कराव्या लागतात, आणि त्या कमी पडल्या की मोठ्या अक्षरांत छापाव्या लागतात. आमचे इंजिनीअर साहेब तीस वर्षांची नोकरी संपवून पुण्याला परत जायला निघाले, तेव्हा अ‍ॅडमिनने त्यांच्यावर बारा पानांची रंगीत पुस्तिका काढायचं ठरवलं. त्यातलं नववं पान माझ्या वाट्याला आलं. पानाचं शीर्षक आधीच ठरलं होतं : ‘कँपमधल्या संगणकयुगाचे जनक’. मजकूर मी शोधायचा होता.

मी सौदीत राबिघच्या बाहेर एका देखभाल कंत्राटदाराकडे डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे प्लँटची ड्रॉइंग सांभाळतो. एखाद्या पाइपलाइनचं नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारायचा, ते कपाटात घालायचं आणि चुकून कुणाच्या हाती लागणार नाही हे बघायचं. लोक नव्या गोष्टी पुढे करून पोट भरतात, मी जुन्या लपवून भरतो. त्यामुळे असेल, रद्द झालेल्या कागदांबद्दल मला वाजवीपेक्षा जास्त कुतूहल आहे. नव्या ड्रॉइंगमध्ये काय आहे ते सगळ्यांनाच दिसतं. जुन्यात काय होतं आणि ते का काढलं, हे फार कमी लोक विचारतात.

साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले आणि कापडी पाकिटातली एक सीडी ठेवून म्हणाले, “यात माझा मेंढीकोट आहे. चालू करून ठेवा. समारंभात मोठ्या पडद्यावर दाखवायचाय. आणि जपून हं, जगात एकच प्रत आहे.”

जगात दुसरी प्रत कुणी मागितली असेल असं मला वाटलं नाही. पण मी सीडी दोन्ही हातांनी घेतली.

या मेंढीकोटाबद्दल मी ऐकून होतो. मी इथे यायच्या बऱ्याच आधीची, अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कँपमध्ये पत्त्यांवरून भांडण झालं, भांडणात एकाचा दात पडला, आणि कँप बॉसने खोल्याखोल्यांतून फिरून सगळे कॅट जप्त केले. आज इथे बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, पत्ते चुइंगमच्या शेजारी टांगलेले असतात आणि सौदी मंडळींच्या बलूत या पत्त्यांच्या खेळाच्या स्पर्धा टीव्हीवर दिसतात. तेव्हा पत्ते उशीच्या अभ्र्यात राहत. साहेबांनी त्यावर तोड काढली. ट्रेनिंग रूममध्ये चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले होते. साहेबांनी प्रोग्राम शिकून मेंढीकोटाचा खेळ लिहिला, परवानगीच्या अर्जावर ‘कामगारांची संगणक साक्षरता’ असं घातलं, आणि कोकण-सांगलीचे फिटर, वेल्डर दर शुक्रवारी साक्षर होऊ लागले.

पत्त्यांची चित्रं त्यांनी कँपमधल्याच एका कॅटवरून स्कॅन केली होती. त्या कॅटातली इस्पिकची अठ्ठी मेसमध्ये डाळीच्या पातेल्यात पडून गेलेली. मग कुठल्याही मराठी घरात करतात तेच केलं होतं : जोकर घेतला, त्यावर बॉलपेनने ‘इस्पिक ८’ लिहिलं आणि खेळ पुढे चालू. कॉम्प्युटरवरही तो जोकरच इस्पिकची अठ्ठी म्हणून दिसायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

खेळात साहेबांनी एक खास सोय ठेवली होती. मेंढीकोटात उतारीचा रंग हातात असताना हुकूम मारून कापलं तर ती लबाडी. कॉम्प्युटरला असं पान टाकूच न देणं सोपं होतं. पण साहेबांचं म्हणणं, मोह नसेल तर चारित्र्य कसं कळणार? म्हणून त्यांचं मशीन लबाडी करू द्यायचं आणि मग पकडायचं. पकडली की चारही पडद्यांवर लाल पाटी आणि सायरन.

सायरन आयुष्यात एकदाच वाजला. कँपच्या मेंढीकोट स्पर्धेच्या फायनलमध्ये, आणि तोही हेड ऑफिसचे मोठे पाहुणे खुर्चीवर बसलेले असताना.

फायनलमध्ये एका बाजूला साहेब आणि सांगलीकडचा एक फिटर होता. खेळ लिहिणारा माणूस फायनलला पोचला यात कुणाला काही खटकलं नाही. दुसऱ्या बाजूला वेल्डिंगचे फोरमन आणि त्यांचा भिडू. हे फोरमन दापोलीकडच्या खाडीकाठचे, सगळा कँप त्यांना चाचा म्हणतो. हुकूम बदाम होता. चाचांच्या जोडीने तीन दश्श्या, म्हणजे तीन मेंढ्या, घेतलेल्या. इस्पिकची उतारी झाली, त्यात चौथी दश्शी पडली, चाचांनी बदामाच्या तिरीने ती कापली. चारही मेंढ्या एका बाजूला, म्हणजे कोट. लोक ओरडायला उठले आणि तेवढ्यात सायरन. लाल पाटीवर अक्षरं आली : ‘लबाडी! हातात इस्पिक अठ्ठी. डाव हरला.’

चाचा ओरडले, “माझ्या हातात जोकर नव्हता!”

त्यावर सगळे आणखी हसले. कारण पाहुण्यांसमोर बॉलपेनने लिहिलेला जोकर बरा दिसणार नाही म्हणून साहेबांनी त्याच सकाळी तो काढून रीतसर अठ्ठी घातली होती, आणि खेळ सुरू होण्यापूर्वी तसं सांगितलंही होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या नक्की कुणासाठी होत्या हे कुणालाच कळलं नाही. ट्रेनिंग रूमचे कॉम्प्युटर पुढच्याच आठवड्यात बदलले आणि खेळ बंद पडला. चाचांना मात्र नाव राहिलं : अठ्ठीवाले चाचा.

सीडी माझ्याकडे आल्याची बातमी दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेशन यार्डात पोचली होती. मी एका ड्रॉइंगवर सही घ्यायला गेलो तर चाचांनी हातमोजे काढले, सही केली आणि कागद परत दिलाच नाही.

“पेपरवाले साहेब, ती गेम तुमच्याकडं आली म्हणतात.”

“आलीय, चाचा.”

“उघडणार?”

“उघडायचीच आहे. समारंभात पडद्यावर दाखवायचीय.”

“म्हणजे सायरन पण वाजवतील.”

अ‍ॅडमिनच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘गमतीदार आठवण : सायरन’ असा एक आयटम होता, तो मी वाचला होता.

चाचा म्हणाले, “माझा पण फायनल एक्झिट ह्याच महिन्यात, कायमचा घरी. मना पुस्तक नको नि शाल नको. पण हे नाव घेऊन गावी जायचं नाय. तसं ते माझ्याआधीच पोचलंय. पोरीच्या शादीत जेवताना एकानं विचारलंन, चाचा, अठ्ठी कुठं ठेवलीत? व्याह्यांसमोर.”

“मी काय करू शकतो?”

“सत्तावीस वर्षं वेल्डिंग मारतो मी. माझा जॉइंट फेल म्हणून कुणी आला तर मी काय बोलतो? फिल्म दाखव. ते एक्स-रेची फिल्म दाखवतात, मी उजेडात धरून बघतो. खोट दिसली तर मान खाली घालून परत वेल्ड मारतो. त्या दिवशी सायरन वाजवला, माणसं हसवली, फिल्म कुणी दाखवली नाय. तुमी तेवढी शोधा. खोट माझी तर माझी.”

“आणि तुमची नसली तर? साहेबांनी माफी मागावी असं—”

“माफी ऱ्हावदे. तो डाव आमचा होता. ते हरले. तेवढं त्यांनी मानावं.”

मग त्यांनी ड्रॉइंग परत दिलं.

शुक्रवारी सकाळी मी कामाला लागलो. आजच्या कॉम्प्युटरवर तो खेळ चालेना. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर चालवण्याची एक सोय असते. ती जमवण्यात अर्धा दिवस गेला. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिला त्या दिवशी सुट्टी होती. ती दोनदा येऊन डोकावून गेली.

“काय चाललंय?”

“मेंढीकोट.”

“एकटेच?”

“खेळत नाहीये. आत काय आहे ते बघतोय.”

“रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी,” असं म्हणून ती भाजी निवडायला गेली.

पण आत जे होतं ते बघण्यासारखं होतं. कुठलाही प्रोग्राम म्हणजे बाहेरून दिवाणखाना आणि आतून माळा असतो. जे वापरात नाही ते कुणी फेकून देत नाही, नुसतं मागे सरकवतात. साहेबांनी प्रोग्रामचा मूळ मजकूरही सीडीवर ठेवला होता आणि त्यात ठिकठिकाणी स्वतःसाठी इंग्रजी लिपीत मराठी टिपा लिहिल्या होत्या. माणूस समारंभात कसा बोलतो हे मी पुष्कळ ऐकलंय. कुणी वाचणार नाही अशा जागी तो कसा लिहितो, हे पहिल्यांदा वाचत होतो.

एका फोल्डरमध्ये खोकल्याचे तीन आवाज सापडले. एक सुका, एक कफाचा, एक लांबलेला. चौथा भिडू आला नाही तर कॉम्प्युटर त्याच्या जागी खेळायचा. त्याने खऱ्या भिडूसारखं खोकून खूण द्यावी अशी साहेबांची मूळ योजना दिसली. कँपमध्ये खोकल्याचं शास्त्र पक्कं होतं. एकदा खोकलं तर हुकूम उतर, दोनदा खोकलं तर नको. खोकले तसेच ठेवून साहेबांनी ते प्रोग्रामपासून तोडले होते आणि खाली टीप होती : ‘नको. मशीनने तरी शिस्त पाळावी.’

आणखी खाली ‘पाहुणे’ नावाचा एक तुकडा होता. तो वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. खेळणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘गेस्ट’ असं लिहिलं, तर पानं वाटतानाच चारही दश्श्या त्याच्या हातात, शिवाय चारही एक्के. डाव संपल्यावर ‘प्रमुख पाहुण्यांचा दैदीप्यमान विजय’ अशी पाटी आणि टाळ्यांचा आवाज. हा तुकडा कधीच चालला नव्हता, कारण पाहुणे खेळायला बसलेच नाहीत. लबाडी पकडणाऱ्या मशीनच्या पोटात पाहुण्यांपुरती लबाडी शिस्तीत बांधून ठेवलेली होती. मी ते दोनदा वाचलं. नवव्या पानावर मात्र घालता येणार नव्हतं.

मग पत्त्यांची चित्रं. इस्पिकच्या अठ्ठीच्या दोन फाइली होत्या. जुन्या फाइलीत जोकर. टोपीवर घुंगरू, पायाशी डाळीचा पिवळा डाग, आणि छातीवर निळ्या बॉलपेनने ‘इस्पिक ८’. ते वळणदार, उजवीकडे झुकणारं अक्षर मी ओळखलं. चाचांची सही रोज बघतो मी. जोकरवर त्यांनीच लिहिलं होतं. ही फाइल प्रोग्राम आता उघडत नव्हता, पण पुसलेलीही नव्हती. माझ्या भाषेत ‘रद्द’.

नव्या फाइलीत रीतसर अठ्ठी होती. मोठी करून बघितली. मध्ये आठ काळे इस्पिक, जरा ओबडधोबड. ठीक आहे म्हणालो आणि पुढे गेलो.

हे ‘ठीक आहे’ मला पुढच्या शुक्रवारपर्यंत पुरलं. मी समजत होतो की चूक असलीच तर हिशेबात असेल, म्हणजे मशीनने लबाडी ठरवताना काही घोटाळा केला असेल. तो सगळा भाग ओळ न् ओळ वाचला. त्यात काही खोट नव्हती. उतारी इस्पिकची, हातात इस्पिक असेल आणि दुसरं पान टाकलं तर सायरन. नियम बरोबर, पाटी बरोबर. चाचांच्या हातात इस्पिकची अठ्ठी होती, आणि त्यांनी कापलं होतं. मशीन खरं बोलत होतं.

दोन दिवस मी यार्डाच्या बाजूला गेलो नाही. एका सहीसाठी ड्रॉइंग दुसऱ्याच्या हाती पाठवलं. एखाद्याला फिल्म शोधून देतो म्हणावं आणि तिच्यात त्याचीच खोट निघावी, हे मला जड जात होतं. त्यातून हा माणूस खोट मान्य करायला तयार होता. कुरकुर करणारा असता तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या शुक्रवारी मी शेवटचं म्हणून एक केलं. त्या ‘पाहुणे’ तुकड्यात फेरफार केला. दश्श्या-एक्क्यांच्या जागी मला हवी ती पानं घातली : बदामाची काही, थोडे चौकट, चार किलवर आणि इस्पिकची एकटी अठ्ठी. चाचांना त्या दिवशी पडदा कसा दिसला असेल ते मला त्यांच्या खुर्चीतून बघायचं होतं. पाहुण्यांसाठी केलेली सोय चाचांच्या कामी आली. नाव ‘गेस्ट’ लिहिलं आणि पानं वाटली. पडद्याच्या तळाशी तेरा पानं पंख्यासारखी पसरली.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवताना पडद्याकडे बघून म्हणाली, “किलवर बरेच आलेत तुम्हाला.”

“चार.”

“पाच.”

“चारच आहेत. मीच घातलेत.”

“अहो, मोजा ना नीट. मी रोज डोळ्यांत तेल घालून लोकांचे रिपोर्ट बघते,” असं म्हणून तिने पडद्यावर बोट ठेवलं. बोट ओलं होतं, त्याचा ठसा उमटला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या किलवरच्या पानावर आकडा होता आठ.

पानं हातात पसरलेली असली की त्यांचा फक्त कोपरा दिसतो. आकडा आणि त्याखाली रंगाची बारीक खूण. मी ते पान टेबलावर टाकलं. टाकल्याबरोबर ती इस्पिकची अठ्ठी झाली, मध्ये आठ इस्पिक. फाइल पुन्हा उघडून मोठी केली आणि या वेळी कोपरे बघितले. कोपऱ्यांत किलवर होतं.

आता सगळं उलगडलं. साहेबांकडे इस्पिकच्या अठ्ठीचं चित्र नव्हतंच, ती डाळीत गेली होती. म्हणून त्यांनी किलवरच्या अठ्ठीची नक्कल घेतली आणि मधल्या आठ खुणा एक एक करून पुसून इस्पिकच्या केल्या. कोपरे करायचे राहिले. फाइलीवर वेळ होती फायनलच्याच दिवशी सकाळी सव्वानऊची. पाहुणे दहाला येणार होते.

आणि मी ते चित्र आठवडाभर आधी मोठं करून बघितलं होतं, घरी, निवांत. मला दिसलं नव्हतं. चाचांपुढे चौदा इंची पडदा होता आणि पाठीमागे शंभर माणसं.

“सापडलं का काही?” बायकोने विचारलं.

“तुला सापडलं.”

“मग न्हावी कोण?” असं म्हणून तिने पडदा पुसला.

शनिवारी ऑफिसात जाऊन मी दोन्ही अठ्ठ्या कागदावर मोठ्या छापल्या, आणि तिसऱ्या कागदावर पसरलेला हात. रविवारी यार्डात चाचांना दिल्या. त्यांनी हातमोजे काढले, कागद घेतला आणि एक्स-रेची फिल्म धरतात तसा सूर्यासमोर धरला. साध्या कागदाला त्याची गरज नव्हती. त्यांनी आधी मधलं बघितलं, मग चारही कडा. वेल्डर कडा बघतोच.

“हे किलवर हाय.”

“हो.”

“नि मधे इस्पिक.”

“हो.”

“मना कोपराच दिसत होता.” कागद खाली आला. “अठरा वर्षं मी समजत होतो, माझी नजर फिरली. बोललो नाय कुणाला. पण सायरननंतर प्रत्येक जॉइंट दोनदा बघायला लागलो.”

मग जोकरचा कागद बघून ते पहिल्यांदा हसले. “ह्या बिचाऱ्याला पण काढलान पाहुण्यांसाठी. तो असता तर काय झालं नसतं.”

“साहेबांना दाखवतो आजच.”

“दाखवा. पण चारचौघांत नको. समारंभ हाय त्यांचा. माणूस एकदाच जातो इथून.”

साहेबांच्या केबिनमध्ये खोकी भरून ठेवलेली होती. त्यांनी चष्मा लावून कागद बघितला.

“हे कुणी केलं?”

“आपणच, साहेब. सव्वानऊला.”

त्यांनी कागद जवळ धरून कोपरे बघितले. “ही टेक्निकल एरर आहे.”

“हो.”

“एरर कुणाकडूनही होते.”

“हो. सायरन मात्र एकाच माणसावर वाजला.”

“अहो, दहाला पाहुणे येणार होते! पडद्यावर डाळीचा डाग असलेला जोकर बघून ते काय म्हणाले असते?”

“त्यांनी पडद्याकडे बघितलं होतं का?”

साहेबांनी चष्मा काढला. खरंच आठवत असावेत. “नाही,” ते म्हणाले. “ते सगळा वेळ फोनवर होते. टाळ्यासुद्धा फोन खांद्याला धरून वाजवल्या.”

मी चाचांचं म्हणणं सांगितलं : माफी नको, समारंभात तर नकोच, फक्त डाव हरलो एवढं मानावं. साहेबांनी कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, “तो पडद्यावरचा आयटम काढून टाका. सायरनचाही.” मी बाहेर आलो. जुना कागद ड्रॉवरमध्ये गेला होता आणि तो आता कुणाच्या हाती लागणार नव्हता. माझ्या धंद्यात याला काम पूर्ण झालं असं म्हणतात.

समारंभ गुरुवारी संध्याकाळी झाला. शाल होती, काचेचं स्मृतिचिन्ह होतं, ज्यांनी साहेबांना कधी पाहिलं नव्हतं अशा दोघांची त्यांच्यावर भाषणं होती. पडद्यावरचा खेळ ‘तांत्रिक कारणामुळे’ रद्द झाला, हे निदान खरं होतं. नवव्या पानावर मी दोनच वाक्यं दिली होती : ‘त्यांनी कँपसाठी मेंढीकोटाचा खेळ लिहिला. तो चार कॉम्प्युटरवर चालत असे.’ अ‍ॅडमिनने ती अख्ख्या पानभर छापली. चाचा आले नाहीत. साहेबांचं उत्तराचं भाषण नेहमीपेक्षा आखूड झालं, ते थकव्यामुळे असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नमाज झाली होती, मेसमध्ये बिर्याणी होती. चाचांचं विमान सोमवारी होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर जेवायला गेलो होतो. त्यांना साहेब काय म्हणाले ते मी सांगितलं होतं. “बरं,” एवढंच म्हणून त्यांनी मला लिंबू दिलं.

ताटं उचलायला लागले तेवढ्यात साहेब आत आले. मेसमध्ये त्यांना कुणी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. हातात बकाल्यातून आणलेला नवाकोरा कॅट, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. ते सरळ आमच्या टेबलाशी आले, चाचांच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि नखाने ते प्लास्टिक फाडायला लागले. ते फाटेना. चाचांनी खिशातली चावी दिली.

साहेबांनी दोन्ही जोकर बाजूला काढून ठेवले. आणि पिसायला लागले.

मेंढीकोट खेळलेल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही नाही. मागचा डाव जो हरला, त्याने पिसायचं आणि वाटायचं. जिंकलेला माणूस हात बांधून बसतो. कँपमध्ये शिव्या सहन करतील, पण न हरता कुणी पिसणार नाही. शेजारच्या टेबलावरची जुनी मंडळी एकेक करून वळून बघायला लागली. फायनलमधला साहेबांचा भिडू, तो सांगलीचा फिटर, अजून इथेच आहे. तो हात धुऊन येत होता, तो ओल्या हातांनी तसाच थांबला.

“आरं बाबौ,” तो म्हणाला, “साहेब पिसाय लागल्यात!”

“मग तू काय उभा राहिलायस?” साहेब मान वर न करता म्हणाले. “तूही माझ्याबरोबर हरलायस. बस समोर.”

साहेबांना पिसायची सवय राहिली नव्हती. निम्मी पानं ताटांच्या मध्ये पडली. चाचांनी एकही उचलायला हात लावला नाही.

“अठरा वर्षांनी पिसताय,” ते म्हणाले, “जरा नीट पिसा.”

“पिसतोय ना, चाचा.”

“खालची मेंढी वर येऊदे.”

साहेबांनी पानं गोळा केली, पुन्हा पिसली आणि कॅट चाचांपुढे ठेवला. चाचांनी तो कापला. मेसमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण टेबलाभोवती माणसं येऊन उभी राहिली होती, आणि त्यात गावाकडचे पाच-सहा जण होते. बातमी दापोलीला चाचांच्या आधी पोचणार हे नक्की होतं.

चाचांचा तेव्हाचा भिडू केव्हाच घरी गेलेला, म्हणून त्यांनी मला समोर बसवलं. पानं आली. चाचांनी आपला हात पसरला, आणि प्रत्येक पान पूर्ण बाहेर काढून, कोपरा, मध्य, कोपरा असं बघून परत लावलं. साहेब ते बघत होते. घाई करा असं ते म्हणाले नाहीत.

“एक सांगून ठेवतो,” चाचा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “त्या डावात मी लबाडी केली नाय. बाकीच्या डावांची फिल्म कुणी शोधू नका.”

हसणं थांबलं, हुकूम ठरला, आणि उतारी माझी होती. मी पानांवरून नजर वर केली, तर चाचांनी तोंडावर मूठ धरली आणि एकदा, सुकंच, खोकले.

“मला ऐकू आलं हं,” साहेब म्हणाले.

“बिर्याणीत मसाला जास्त हाय,” चाचा म्हणाले.

मी हुकूम उतरलो.